लघुव्यवसायांची समाजमाध्यमांवरील उपस्थिती

लघुव्यवसायांची समाजमाध्यमांवरील उपस्थिती म्हणजे दुकानदार, कारागीर, खानावळचालक, गृहउद्योजक इत्यादी छोट्या व्यावसायिकांनी व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांसारख्या माध्यमांवर आपल्या व्यवसायाची ओळख निर्माण करणे, ती नियमितपणे ताजी ठेवणे आणि त्या द्वारे ग्राहकांशी संवाद चालू ठेवणे होय. केवळ खाते उघडणे म्हणजे उपस्थिती नव्हे. सातत्य, विश्वासार्हता आणि प्रतिसाद ही तिची तीन प्रमुख अंगे मानली जातात. प्रस्तुत लेखात या विषयाची सामान्य माहिती असून मुंबईतील गिरगाव, दादर, परळ व लालबाग या जुन्या मराठी वस्त्यांतील बाजारपेठांच्या संदर्भात तिचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी

छोट्या व्यवसायाने लोकांच्या नजरेसमोर राहण्याची धडपड समाजमाध्यमांपेक्षा पुष्कळ जुनी आहे. रंगवलेल्या पाट्या, वर्तमानपत्रात घालून वाटलेली हस्तपत्रके, चित्रपटगृहात मध्यंतरापूर्वी दाखवल्या जाणाऱ्या काचपट्ट्या, दुकानाचे नाव छापलेल्या दिनदर्शिका आणि कापडी पिशव्या ही त्याची परिचित साधने होत. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली. पुढे दिवाळी अंक हे स्थानिक व्यावसायिकांच्या जाहिरातींचे हक्काचे स्थान बनले आणि या जाहिरातींवर अंकांचे अर्थकारणही उभे राहिले. १९६७ मध्ये आकाशवाणीच्या विविध भारतीवर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या. त्यांचा लाभ मात्र प्रामुख्याने मोठ्या उद्योगांना झाला. गल्लीतील दुकानदारास तो खर्च परवडणारा नव्हता.

याच परिसरात लहान स्वरूपात आरंभ झालेले काही व्यवसाय पुढे देशभर पोहोचले. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी गिरगावात सुरू केलेल्या शाईच्या उद्योगातून 'कॅमलिन' हे नाव उदयास आले. केशव पेंढरकर यांनी १९५२ मध्ये स्थापन केलेल्या 'विको' या उद्योगाची सुरुवात परळमध्ये झाली. आरंभी दंतमंजन घरोघर जाऊन विकले जात असे. चित्रपटगृहातील व दूरदर्शनवरील जाहिराती नंतर आल्या. ग्राहकाच्या दारी जाऊन त्याच्याशी प्रत्यक्ष बोलणे ही या व्यवसायाची पहिली जाहिरात होती. समाजमाध्यमांवरील संवादाचे मूळ तत्त्व याहून फारसे वेगळे नाही.

ग्राहकवर्गाचे स्थलांतर

मध्य व दक्षिण मुंबईतील छोट्या व्यवसायांच्या दृष्टीने समाजमाध्यमांना विशेष महत्त्व प्राप्त होण्यामागे लोकवस्तीतील बदल हे प्रमुख कारण आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले. त्यानंतर बहुसंख्य गिरण्या कायमच्या बंद पडल्या आणि लालबाग-परळ भागातील अनेक कुटुंबे उपनगरांत वा गावी गेली. गिरगावातील चाळींतूनही अनेक मराठी कुटुंबे बोरिवली, विरार, ठाणे, डोंबिवली येथे स्थलांतरित झाली. चाळींचा पुनर्विकास आणि भुयारी मेट्रोचे बांधकाम यांमुळे काही दुकानांना जागा बदलावी लागली. ही मेट्रो गिरगावात ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली.

परिणामी दुकानापासून चालत येण्याच्या अंतरावर राहणारा ग्राहक दूर गेला. परंतु त्याची आवड बदलली नाही. डोंबिवलीत राहणारे कुटुंब मसाल्यासाठी लालबागला आणि दिवाळीच्या खरेदीसाठी दादरला येते, असे चित्र आजही दिसते. अशा ग्राहकास दुकान चालू आहे की नाही, कोठे हलले आहे, कोणता माल आला आहे, हे कळवण्याचे स्वस्त व जलद साधन म्हणून समाजमाध्यमांचा उपयोग होतो. जागा बदललेल्या दुकानाच्या बाबतीत त्याचे खाते हाच काही काळ त्याचा स्थिर पत्ता ठरतो.

माध्यमांचा विकास

फेसबुकची स्थापना २००४ मध्ये झाली आणि २००७ मध्ये व्यवसायांसाठी स्वतंत्र पानांची सोय उपलब्ध झाली. इन्स्टाग्राम २०१० मध्ये सुरू झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर भारतात मोबाइल इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले. त्याच वर्षी यूपीआय ही देयक प्रणालीही कार्यान्वित झाली. छोट्या व्यावसायिकांसाठीचे व्हॉट्सॲप बिझनेस हे उपयोजन जानेवारी २०१८ मध्ये आले. जून २०२० मध्ये केंद्र शासनाने टिकटॉकसह ५९ उपयोजनांवर बंदी घातली. त्यानंतर थोड्याच काळात इन्स्टाग्रामवर रील आणि यूट्यूबवर शॉर्ट्स या लघुचित्रफितींच्या सुविधा भारतात सुरू झाल्या.

मार्च २०२० मधील टाळेबंदीमुळे या माध्यमांच्या वापरास मोठी चालना मिळाली. त्या वर्षी राज्य शासनाने सार्वजनिक गणेशमूर्तींची उंची चार फूट आणि घरगुती मूर्तींची दोन फूट इतकी मर्यादित केली होती. गर्दी टाळण्यासाठी मूर्तींची छायाचित्रे पाठवून नोंदणी घेणे, फराळाची मागणी दूरध्वनीवर नोंदवणे आणि घरपोच पाठवणी करणे या पद्धती रूढ झाल्या व पुढेही टिकल्या.

माध्यमाची निवड

सर्व माध्यमांवर एकाच वेळी सक्रिय राहणे एकट्या व्यावसायिकास शक्य नसते. त्यामुळे व्यवसायाच्या स्वरूपानुसार एक किंवा दोन माध्यमे निवडणे श्रेयस्कर ठरते.

* *व्हॉट्सॲप बिझनेस* : नेहमीच्या ग्राहकांसाठी उपयुक्त. त्यात मालाची सचित्र सूची, कामकाजाची वेळ, ठरावीक प्रश्नांची तयार उत्तरे आणि ग्राहकांचे वर्गीकरण करण्याची सोय असते. ब्रॉडकास्ट यादीतील संदेश फक्त ज्या ग्राहकांनी दुकानाचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे, त्यांनाच पोहोचतो. म्हणून बिलावर क्रमांक छापून तो जतन करण्याची विनंती करणे आवश्यक ठरते. स्टेटस २४ तास दिसते. ताज्या पदार्थांच्या सूचनेसाठी ते पुरेसे असते.
* *इन्स्टाग्राम* : साड्या, दागिने, कंदील, मूर्ती, मिठाई अशा पाहून घेण्याच्या वस्तूंसाठी उपयुक्त.
* *फेसबुक* : मध्यमवयीन व ज्येष्ठ ग्राहक, तसेच परिसराच्या आठवणी जपणारे गट यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी उपयुक्त.
* *यूट्यूब* : पाककृती, निगा, दुरुस्ती असे दीर्घकाळ उपयोगी पडणारे विषय मांडण्यासाठी उपयुक्त.
* *गूगल बिझनेस प्रोफाइल* : हे काटेकोर अर्थाने समाजमाध्यम नसले, तरी नकाशावरील स्थान, वेळ आणि ग्राहकांचे अभिप्राय येथेच प्रथम पाहिले जातात. साप्ताहिक सुट्टी व सणाच्या दिवसांतील बदललेल्या वेळा येथे न नोंदवल्यास दूरवरून आलेला ग्राहक बंद दारावरून परत जातो.

सातत्य आणि सणांचे वेळापत्रक

समाजमाध्यमांवर रोज काहीतरी टाकलेच पाहिजे, हा समज सर्वत्र खरा नाही. आरंभीच्या उत्साहात महिनाभर दररोज पोस्ट करून नंतर सहा महिने मौन बाळगण्यापेक्षा आठवड्यातून दोन किंवा तीन पोस्ट वर्षभर नेमाने करणे अधिक परिणामकारक ठरते. अनेक महिने निःशब्द असलेले पान पाहून दुकान बंद पडले असावे, असा ग्रह होण्याची शक्यता असते.

महाराष्ट्रातील व्यवसायांना सणवारांमुळे वर्षाचे तयार वेळापत्रक मिळते. संक्रांतीस तिळगूळ, हळदीकुंकवाचे वाण व हलव्याचे दागिने. गुढीपाडव्यास साखरगाठी आणि शोभायात्रेचा पोशाख. मार्च ते मे या काळात वर्षाचा मसाला. आषाढी एकादशीस उपवासाचे पदार्थ. पुढे श्रावण, गणेशोत्सव, नवरात्र व दिवाळी. आणि मार्गशीर्षातील गुरुवार असा हा क्रम आहे. सहा डिसेंबर या महापरिनिर्वाण दिनी दादरच्या शिवाजी पार्क परिसरात पुस्तकांची मोठी विक्री होते. पुस्तकविक्रेत्यांना आपल्या स्टॉलचे स्थान व नवी पुस्तके त्याआधी कळवता येतात.

सणाच्या दिवशी केवळ शुभेच्छांचे चित्र टाकण्याचा व्यावसायिक उपयोग अल्प असतो, कारण त्या दिवसापर्यंत खरेदी उरकलेली असते. मागणीची सूचना सणाच्या तीन-चार आठवडे आधी, नोंदणीची अंतिम तारीख दोन आठवडे आधी आणि शिल्लक मालाची माहिती शेवटच्या आठवड्यात, असा क्रम उपयुक्त ठरतो. हंगाम नसलेल्या काळात निर्मितीची प्रक्रिया, वस्तूची निगा आणि दुकानाचा इतिहास यांविषयी लिहिता येते. एकाच दिवशी दहा-पंधरा छायाचित्रे काढून ती पुढील महिनाभर क्रमाने वापरल्यास रोजचा वेळ वाचतो.

आशयाचे स्वरूप

सतत 'खरेदी करा' असे सांगणारे खाते वाचकास कंटाळवाणे वाटते. ज्यातून ग्राहकास काही कळते, असा आशय अधिक टिकतो. त्याचे पुढील प्रकार आढळतात.

* *माहितीपर* : बेडगी मिरची रंगासाठी आणि लवंगी तिखटपणासाठी का निवडतात, शाडूची मूर्ती घरी कशी जपावी, पैठणी घडी करून कशी ठेवावी.
* *प्रक्रियादर्शक* : चिवडा परतणे, मूर्तीच्या डोळ्यांची आखणी, पुस्तकाची बांधणी. कारागिराचे हात दाखवणाऱ्या अशा चित्रफितींना महागड्या उपकरणांची गरज नसते. खिडकीतील उजेड आणि स्थिर ठेवलेला मोबाइल पुरतो.
* *सूचनात्मक* : आजचा ताजा माल, भाव, वेळ, सुट्टी, रस्ता बंद असल्यास पर्यायी मार्ग. सप्टेंबर २०२५ मध्ये परळ व प्रभादेवी यांना जोडणारा एल्फिन्स्टन पूल पुनर्बांधणीसाठी बंद झाला, अशा प्रसंगी ही सूचना ग्राहकास विशेष उपयोगी पडते.
* *सहभागात्मक* : ग्राहकांनी पाठवलेली छायाचित्रे त्यांच्या अनुमतीने प्रसिद्ध करणे, दोन पर्यायांतून पसंती विचारणे, जुन्या आठवणी मागवणे.

किंमत न लिहिता 'किमतीसाठी संदेश पाठवा' असे सुचवण्याची पद्धत प्रचलित आहे. ठरावीक भावाच्या वस्तूंच्या बाबतीत ती ग्राहकास त्रासदायक वाटते; किंमत, वजन आणि पाठवणीचा खर्च स्पष्ट लिहिल्यास निरर्थक चौकशा घटतात.

ग्राहकांशी संवाद

प्रश्नांची उत्तरे वेळेत देणे हे नव्या पोस्टइतकेच महत्त्वाचे कार्य आहे. दुकानातील गर्दीच्या वेळी उत्तर देणे शक्य नसल्यास दिवसातील दोन ठरावीक वेळा राखून ठेवता येतात आणि त्या आधीच जाहीर करता येतात.

प्रतिकूल अभिप्राय काढून टाकणे किंवा त्यावर वाद घालणे सहसा हानिकारक ठरते. तक्रार मान्य करून वस्तू बदलून देण्याची तयारी चारचौघांत दर्शवणे व उर्वरित बोलणे खासगी संदेशातून करणे ही रूढ पद्धत आहे. तक्रारीचे उत्तर तक्रारदाराप्रमाणेच भावी ग्राहकही वाचत असतात. खोटे अनुकूल अभिप्राय लिहून घेणे हे ग्राहकाची फसवणूक करणारे असून माध्यमांच्या नियमांचेही उल्लंघन आहे.

भाषा

महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरी लिपीत असणे कायद्याने आवश्यक आहे. २०२२ मधील दुरुस्तीने हा नियम लहान आस्थापनांनाही लागू झाला. समाजमाध्यमांवरील मजकुरास असे बंधन नाही. तथापि या परिसरातील व्यवसायांची ओळख मराठी ग्राहकाशी निगडित असल्याने मराठी मजकुराचा त्यांना प्रत्यक्ष लाभ होतो. पदार्थांची व वस्तूंची खास नावे (कडबोळी, वाण, कांडप, नथ, तोडे) भाषांतरित न करता तशीच ठेवल्यास अर्थही टिकतो आणि ग्राहकाचा विश्वासही. अनेक ग्राहक शोध घेताना रोमन लिपी वापरतात; म्हणून दुकानाचे व परिसराचे नाव दोन्ही लिप्यांत नोंदवणे सोयीचे असते. परदेशस्थ नातेवाइकांच्या वतीने दिवाळी फराळाची मागणी नोंदवणाऱ्यांसाठी पाठवणीचे नियम सोप्या शब्दांत लिहिणे आवश्यक ठरते.

परिसरनिहाय उदाहरणे

*लालबाग* : येथील मसाला बाजार व चिवडा गल्ली प्रसिद्ध आहेत. कोकण आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांच्या वस्तीमुळे मालवणी, आगरी-कोळी, घाटी अशा विविध मसाल्यांची मागणी येथे एकवटली. उन्हाळ्यात अख्खी मिरची व गरम मसाला निवडून, भाजून, समोर कुटून घेण्याची पद्धत आहे. मिरचीचे त्या दिवशीचे भाव, एक किलो मसाल्याचे प्रमाण आणि कांडपासाठी लागणारा वेळ ही माहिती येथील दुकानदारास सहज देता येते आणि बाहेरगावच्या ग्राहकास ती सर्वाधिक उपयुक्त असते.

*परळ* : परळ-लालबाग भागातील गणेशमूर्तींच्या कार्यशाळांमुळे हा परिसर ओळखला जातो. सार्वजनिक मूर्तींच्या 'आगमन' मिरवणुकांची छायाचित्रे व चित्रफिती समाजमाध्यमांवर मोठ्या प्रमाणात प्रसृत होतात. त्यांचे श्रेय मात्र पुष्कळदा छायाचित्रकारास व मंडळास मिळते आणि मूर्तिकाराचे नाव मागे राहते. आपल्या कामाची दिनांकासह नोंद स्वतःच्या खात्यावर ठेवणे हा त्यावरील एक उपाय आहे. मूर्ती शाडूची आहे की प्लास्टर ऑफ पॅरिसची, हे स्पष्ट सांगणे विसर्जनाच्या नियमांमुळे अपरिहार्य झाले आहे.

*दादर* : रानडे मार्ग, छबिलदास गल्ली, फुलबाजार आणि गोखले मार्ग या भागांत वस्त्र, खाद्यपदार्थ, पुस्तके व पूजासाहित्य यांची दुकाने दाट आहेत. स्थानिक पदार्थाची कीर्ती माध्यमांतून किती दूर जाऊ शकते, याचे उदाहरण म्हणजे येथील 'आस्वाद' उपाहारगृहाची मिसळ. २०१५ मध्ये लंडन येथील 'फूडी हब' पुरस्कारांत तिला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला आणि ती वार्ता जगभर पोहोचली.

*गिरगाव* : केशवजी नाईक चाळीतील १८९३ पासूनचा गणेशोत्सव, खोताची वाडी आणि गुढीपाडव्याची शोभायात्रा यांमुळे या भागाविषयी मोठी आत्मीयता आढळते. येथून बाहेर गेलेल्या रहिवाशांस दुकानाच्या जुन्या छायाचित्रांविषयी आस्था असते. अशा आठवणींना मिळणारा प्रतिसाद आणि प्रत्यक्ष विक्री यांत मात्र फरक करणे आवश्यक आहे.

परिणामांचे मोजमाप

फॉलोअरांची संख्या हे यशाचे अपुरे माप आहे. दूरच्या राज्यातील हजारो दर्शकांपेक्षा ठाण्यापासून चर्चगेटपर्यंतच्या टप्प्यातील शंभर ग्राहक छोट्या दुकानास अधिक मोलाचे असतात. आलेल्या चौकशा, त्यांतून झालेल्या मागण्या, पुन्हा आलेले ग्राहक आणि जतन केल्या गेलेल्या पोस्ट यांची नोंद उपयुक्त ठरते. दर महिन्यातील एक आठवडा प्रत्येक नव्या ग्राहकास 'आमच्याविषयी कोठून कळले?' असे विचारून वहीत खुणा करणे ही साधी पद्धतही पुरेशी असते. जाहिरातीवर खर्च केल्यास तो झालेल्या विक्रीच्या रकमेशी नव्हे, तर विक्रीतून सुटलेल्या नफ्याशी ताडून पाहणे इष्ट असते.

कायदेशीर बाबी

* ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाई होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुनरावृत्ती झाल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते.
* मोबदला किंवा मोफत वस्तू घेऊन केलेली शिफारस ही जाहिरात आहे, असे स्पष्टपणे नमूद करणे आवश्यक असते. भारतीय जाहिरात मानक परिषदेने यासंबंधी २०२१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली.
* खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना, घरगुती स्वरूपात विकणाऱ्यांनाही, अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो.
* मधुमेहासारखे विशिष्ट आजार बरे होतात, असा दावा करणाऱ्या औषधी जाहिरातींस १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय अधिनियमाने मनाई आहे.
* चित्रपटगीते व इतरांची छायाचित्रे यांवर स्वामित्वहक्क असतो. वैयक्तिक खात्यास उपलब्ध असलेले संगीत व्यावसायिक वापरास मुक्त असतेच असे नाही.
* ग्राहकांचे दूरध्वनी क्रमांक त्यांच्या संमतीनेच वापरणे अपेक्षित आहे. याविषयी २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण अधिनियम संमत झाला.

धोके आणि मर्यादा

प्रसिद्ध दुकानाच्या नावाने बनावट खाते उघडून आगाऊ रक्कम उकळणे, पैसे भरल्याचे खोटे चित्र दाखवणे आणि खाते बळकावणे हे प्रमुख धोके आहेत. यूपीआयद्वारे पैसे स्वीकारताना गुप्त अंक द्यावा लागत नाही. तो मागितला गेल्यास फसवणूक समजावी. रक्कम प्रत्यक्ष खात्यात जमा झाल्याची खातरजमा करणे, द्विस्तरीय पडताळणी सुरू ठेवणे आणि खात्याचे अधिकार दुकान सोडून गेलेल्या सेवकाकडून वेळीच काढून घेणे हे आवश्यक उपाय होत. सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर करता येते.

समाजमाध्यमांवरील जागा व्यावसायिकाच्या मालकीची नसते. कोणती पोस्ट किती जणांस दिसावी हे माध्यमाची संगणकीय प्रणाली ठरवते आणि तिचे निकष बदलत राहतात. २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा त्यावर जमवलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत गमावला गेला. यास्तव ग्राहकांची यादी, मागण्यांची नोंद आणि मूळ छायाचित्रे स्वतःजवळ स्वतंत्रपणे जतन करणे सुज्ञपणाचे मानले जाते.

अनेक जुन्या दुकानांत माध्यमांचे काम घरातील तरुण पिढी सांभाळते, तर मालाचे ज्ञान वडीलधाऱ्यांकडे असते. या दोहोंत संवाद नसल्यास खाते आकर्षक दिसते, परंतु ग्राहकाच्या प्रश्नास नेमके उत्तर मिळत नाही. तसेच रीलमुळे अकस्मात उसळलेली गर्दी पेलण्याइतकी निर्मितिक्षमता नसल्यास दर्जा ढासळतो व नेहमीचा ग्राहक दुरावतो. मालाचा दर्जा, चोख वजन आणि दिलेला शब्द पाळणे यांची जागा समाजमाध्यमे घेऊ शकत नाहीत. या गुणांची वार्ता दूर गेलेल्या ग्राहकापर्यंत पोहोचवणे एवढेच त्यांचे कार्य आहे.

हेही पहा

* गिरणगाव
* दिवाळी अंक
* जाहिरात
* ग्राहक संरक्षण
* मुंबईतील सार्वजनिक गणेशोत्सव